जखम आणि तिच्यावरची पट्टी

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो असता तिचा आठ वर्षांचा नातू सायकलीवरून पडून गुडघा फोडून घरी आला. जखम जिवावरची नव्हती. परंतु तिच्यावरून घरात जो वाद माजला तो दोन दिवस शमला नाही. ताईचे म्हणणे असे की, जखमेला वारा लागू द्यावा, वर चिमूटभर पूड टाकावी, म्हणजे ती सुकते, खपली धरते आणि बरी होते. तिची सून, म्हणजे माझी भाचेसून, म्हणत होती की, जखम पाण्याने धुऊन न चिकटणारी पट्टी लावावी व होता होईल तो खपली धरूच देऊ नये. "खपली धरल्यावाचून जखम भरते तरी कशी?" असे ताईने विचारले, आणि खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मलाही तो प्रश्न बिनतोड वाटला. आमच्या लहानपणी प्रत्येक गुडघ्यावर एक तरी खपली असेच, व ती गळून पडली की जखम बरी झाली असे आम्ही समजत असू.

मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे. इतिहास शिकविण्यात माझा जन्म गेला. परंतु या घरगुती तंट्याचे मूळ शोधता शोधता माझ्या असे ध्यानात आले की, जखमेवर काय बांधावे या प्रश्नाला निदान साडेतीन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग, माणसाने जखमेला मदत करण्याच्या सद्हेतूने तिला उपद्रव कसा दिला, याचा आहे. आज त्याचीच हकीकत आपणांस सांगण्याचा विचार आहे.

१८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने मिसर देशातील लक्झर येथे पपायरसाची एक गुंडाळी विकत घेतली. तिचे भाषांतर जेम्स ब्रेस्टेड या पंडिताने १९३० साली प्रसिद्ध केले, तेव्हा असे दिसून आले की तो शस्त्रवैद्यकाचा ग्रंथ आहे. प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची, आणि मूळ मजकूर त्याहूनही जुना. त्यात अठ्ठेचाळीस रुग्णांची वर्णने आहेत. ताज्या जखमेवर पहिल्या दिवशी कच्चे मांस बांधावे आणि पुढे दररोज चरबी, मध व धाग्यांचा बोळा ठेवावा, असा उपचार त्यात वारंवार सांगितला आहे. मांसाचे सोडून देऊ. परंतु चरबी, मध व धागा या त्रयीकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. चरबीमुळे पट्टी चिकटत नाही, मधात जंतू वाढत नाहीत, आणि धागा स्राव शोषून घेतो. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळी केवळ अनुभवाने हे तिघे एकत्र आले होते.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेत हा विषय याहून कितीतरी विस्ताराने आला आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली जी प्रत १९३८ साली छापली, तिच्या सूत्रस्थानातील अठरावा अध्याय कुतूहल असणाऱ्याने अवश्य उघडून पाहावा. त्यात बंधांचे चौदा प्रकार दिले आहेत. कोश, दाम, स्वस्तिक, मंडल, खट्वा, गोफण अशी त्यांची नावेच त्यांचे आकार सांगतात. गोफणबंध कसा असेल हे शेतावरच्या राखणदारास समजावून द्यावे लागणार नाही. पट्टीसाठी कोणकोणती वस्त्रे चालतात, मांडीवर ती घट्ट का बांधावी आणि डोळ्यावर सैल का ठेवावी, ऋतुमानाप्रमाणे व व्रणाच्या प्रकृतीप्रमाणे ती केव्हा बदलावी, हे सारे त्यात आहे. पित्तप्रधान व्रणाची पट्टी ग्रीष्मात व शरदात दिवसातून दोनदा सोडावी, तर कफप्रधान व्रणाची हेमंतात व वसंतात तिसऱ्या दिवशी, असा त्याचा नियम आहे. कोणत्या व्रणांना बांधूच नये याचीही यादी त्याने दिली असून तीत भाजलेल्या जागा आणि मधुमेह्याच्या पुटकुळ्या यांचा समावेश होतो.

परंतु मला त्या अध्यायातील जी वचने विशेष वाटली ती निराळीच आहेत. व्रण उघडा राहिला तर डास, माश्या, गवत, काडी, धूळ, थंडी, वारा आणि ऊन यांचा त्याला उपद्रव होतो आणि वर लावलेला लेप वाळून जातो, असे तेथे सांगितले आहे. लेप वाळल्यावर तसाच राहू देऊ नये, कारण वाळलेला लेप निरुपयोगी असून वेदना मात्र वाढवितो, हेही आहे. आणि जखमेत ठेवावयाची औषधी वात फार तेलकट असू नये, फार कोरडीही असू नये. तेलकटपणाने जखम चिघळते, कोरडेपणाने ती चिरते, आणि वात वाकडी बसली तर जखमेच्या कडा घासल्या जातात. ज्याने स्वतःच्या हाताने शेकडो जखमा बांधल्या व सोडल्या आहेत, तोच हे लिहू शकतो. अशी वचने वाचली की, अलीकडचे सारे शोध आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते असे म्हणण्याचा आपणांस मोह होतो. तो आवरलेला बरा. सुश्रुताने पाहिले ते डोळ्यांनी; त्यामागची कारणे त्याने आपल्या काळच्या दोषविचारात शोधली, आणि ज्या तुपामधाच्या पट्टीची तो शिफारस करतो तिच्याच शेजारी आज कोणी जखमेवर लावण्यास धजणार नाही अशी द्रव्येही बसली आहेत. मात्र पट्टी हे औषध नसून जखमेचे रक्षण करणारे आच्छादन आहे, ही गोष्ट त्याला चांगली उमगली होती यात संशय नाही.

युरोपात हीच गोष्ट फार काळ विसरली गेली. ग्रीक वैद्य गेलेन याच्या नावावर तेथे एक समजूत रूढ झाली की, जखम भरावयाची तर तिच्यात पू झालाच पाहिजे. दाट, पांढरा, दुर्गंधी नसलेला पू हा शुभ होय. आता गळू पिकले म्हणजे उतार पडतो हे खरे, आणि आपणही पिकण्याची वाट पाहत पोटीस बांधतोच. पण स्वच्छ कापलेली जखमसुद्धा मुद्दाम पिकवावयाची म्हणजे कहर झाला. तेराव्या शतकात थिओडोरिक बोर्गोन्योनी या इटालियन शस्त्रवैद्याने हे मत खोडून काढले. जखम मद्याने धुवावी, कडा जुळवाव्यात आणि झाकून ठेवावी, पू होण्याची काहीएक गरज नाही, असे त्याने लिहिले. पुढे फ्रान्समध्ये आंरी द माँदव्हील याने त्याचीच री ओढली. दोघांचेही कोणी फारसे ऐकले नाही. पुवाची प्रतिष्ठा त्यानंतर आणखी पाचशे वर्षे टिकली.

याच सुमारास युद्धात बंदुका आल्या, आणि दारूमुळे गोळीची जखम विषारी होते असा समज पसरला. विषाला उतारा म्हणून जखमेत उकळते तेल ओतीत. आंब्रवाझ पारे नावाचा एक तरुण फ्रेंच शस्त्रवैद्य १५३६-३७ च्या इटलीतील मोहिमेत प्रथमच रणभूमीवर गेला, तेव्हा तोही वरिष्ठांचे पाहून हेच करीत होता. एके दिवशी जखमी इतके झाले की तेल संपले. नाइलाजास्तव त्याने अंड्यातील बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाईन यांचे मिश्रण करून उरलेल्यांच्या जखमांवर लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. ज्यांना तेल मिळाले नाही ते सकाळपर्यंत विषाने मेलेले असतील, हीच धास्ती. पहाट होताच तो उठून पाहतो तो, मलम लावलेले शिपाई स्वस्थ झोपलेले, आणि उकळते तेल ओतलेले मात्र ताप, सूज व वेदना यांनी तळमळत असलेले! त्या दिवसापासून त्याने तेलाचे नाव टाकले, आणि १५४५ साली हा सारा अनुभव लॅटिन सोडून आपल्या फ्रेंच बोलीत लिहून प्रसिद्ध केला. आपण फक्त जखम बांधतो, बरी करणारा परमेश्वर आहे, असे तो म्हणत असे. परमेश्वराच्या जागी आज कोणी शरीरधर्म हा शब्द घालील, परंतु विधानाचा रोख बदलणार नाही. त्या रात्री पारेने नवे औषध शोधून काढले असे मला वाटत नाही. त्या मिश्रणात अपूर्व असे काहीही नव्हते. जखमेला होणारा छळ थांबला, एवढेच घडले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील रुग्णालयांत पट्टीखाली काय घालीत असत हे ऐकून आज अंगावर शहारा येतो. जुन्या चादरी व सदरे उसवून त्यांचे धागे काढीत आणि त्यांचे बोळे जखमेत कोंबीत. त्याला फ्रेंचांनी ‘शार्पी’ असे नाव दिले होते. युद्ध सुरू झाले की घरोघरच्या स्त्रिया, शाळकरी मुली दिवाणखान्यात बसून सैनिकांसाठी धागे उसवीत. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवीत व १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात असे गठ्ठेच्या गठ्ठे रणभूमीकडे रवाना झाले. ते कापड कोणाच्या अंगावरचे, कोणत्या हातांनी उसवलेले, वाटेत कोठे पडलेले, याची विचारपूस कोणी करीत नसे. उकळण्याचा तर प्रश्नच नव्हता. मायेने उसवलेल्या त्या धाग्यांतून किती जणांच्या जखमांत मृत्यू शिरला असेल याची गणना करता येणार नाही.

हे चक्र जोसेफ लिस्टर याने थांबविले. पाश्चरच्या प्रयोगांवरून, कुजण्याचे कारण हवा नसून हवेतील व वस्तूंवरील सूक्ष्म जीव आहेत, हे लिस्टरच्या मनाने घेतले. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. हाड मोडून कातडी फाटली होती. अशा जखमेत त्या काळी पाय कापणे हाच पुष्कळदा जीव वाचविण्याचा मार्ग असे. लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजविलेले लिंटचे कापड जखमेवर ठेवले, पाय फळ्यांत बांधला आणि चार दिवस पट्टीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सोडून पाहतो तो पू नाही, दुर्गंधी नाही. सहा आठवड्यांनी हाड सांधून मुलगा बरा झाला. १८६७ साली लिस्टरने आपले लेख प्रसिद्ध केले. त्याच्या हाताखाली १८६४ व १८६६ या दोन वर्षांत अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नवी पद्धत आल्यावर १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६. एवढ्या अंतरावरून पाहतानाही हे आकडे हृदयाला भिडतात.

लिस्टरची कीर्ती जंतुनाशकासाठी झाली, परंतु त्याच्या कार्याचा एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. कार्बोलिक आम्ल जंतूंप्रमाणेच जिवंत मांसालाही जाळते हे त्याला लवकरच दिसून आले. म्हणून त्याने जखम व औषधी पट्टी यांच्या मध्ये रोगण दिलेल्या रेशमाचा एक पातळ पडदा घालण्यास प्रारंभ केला. म्हणजे, ज्या औषधाने जखम वाचवावयाची, त्याच औषधापासून जखमेला वाचविण्याची व्यवस्था! ही त्याची सावधगिरी त्याच्या पुष्कळ अनुयायांच्या लक्षातच राहिली नाही. जळजळणारे औषध तेवढे खरे, ही भावना मात्र सर्वत्र रुजली. आमच्या घरातील टिंक्चर आयोडीनच्या बाटलीचा दरारा आठवा. ते लावताना मूल किंचाळले नाही तर औषध जुने झाले असावे अशी शंका वडीलधाऱ्यांना येई.

यानंतर कापसाचा उदय झाला. आपल्या वऱ्हाडात कापसाचे ढीग लागतात. परंतु बोंडातून काढलेला कापूस पाण्यावर टाका, तो तरंगत राहील. त्याच्या तंतूंवर निसर्गतःच मेणाचा थर असतो. क्षारात उकळून तो काढल्यावरच कापूस स्राव शोषू लागतो. ही क्रिया साधल्यावर बर्मिंगहॅमच्या सॅम्पसन गॅम्जी या शस्त्रवैद्याने १८८० साली अशा कापसाचा थर जाळीदार कापडाच्या दोन पदरांत घालून तयार गादी केली. कापूस उघडा जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत अडकतात, ही गोष्ट त्या गादीत अनायासे साधली होती. आपल्या घरांत मात्र आजही कापसाचा बोळा थेट जखमेवर दाबला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो तंतू तंतू करून सोडवावा लागतो.

पहिल्या महायुद्धात कापसाची विचित्र ओढाताण झाली. जखम बांधण्यास कापूस हवा आणि जखम करणाऱ्या स्फोटकांनाही कापूसच हवा. तेव्हा स्कॉटलंड व आयर्लंड येथील दलदलीतून स्फॅग्नम नावाचे शेवाळ गोळा करण्यात आले. हे शेवाळ आपल्या वजनाच्या वीसपट पाणी धरते. युद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याच्या दरमहा सुमारे दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. त्याच युद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग बूलोन येथील रुग्णालयात काम करीत होता. तोफगोळ्याने झालेल्या जखमांच्या कानाकोपऱ्यांत जंतुनाशक पोहोचतच नाही, आणि जेथे पोहोचते तेथे ते जंतूंपेक्षा रक्तातील पांढऱ्या रक्षक पेशींनाच अधिक मारते, असे त्याने प्रयोगांनी दाखविले. आपल्याच पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडण्याचा हा प्रकार होता. फ्लेमिंगचे हे काम त्याच्या पेनिसिलिनच्या झगमगाटात लोपून गेले.

याच काळातील एक गोष्ट मुंबईकरांना गंमतीची वाटेल. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ज्या ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्यांपैकी ऑगस्त ल्यूमिए याला वैद्यकाचा मोठा नाद होता. जाळीदार कापड पॅराफिनमध्ये बुडवून, जखमेला न चिकटणारी पट्टी त्यानेच पहिल्या महायुद्धाच्या वेळी प्रचारात आणली. तिचे वंशज भाजलेल्या रुग्णांच्या विभागांत अजून वापरात आहेत. घरोघरच्या डब्यात असणारी चिकटपट्टी मात्र १९२० ची. अमेरिकेतील अर्ल डिक्सन या कापूस खरेदी करणाऱ्या नोकराने, स्वयंपाक करताना वारंवार बोट कापून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी ती बनविली.

आता पुन्हा ताईच्या प्रश्नाकडे वळतो. जंतूंचा बंदोबस्त झाला, स्वच्छ कापूस आला. परंतु जखम कोरडी करावयाची ही कल्पना तशीच राहिली. उलट जंतूंच्या भयाने ती अधिकच बळावली, कारण ओल म्हणजे जंतूंचे घर. तिला पहिला मोठा धक्का युद्धातच बसला. स्पेनच्या यादवीत, १९३६ ते १९३९ या काळात, जोझेप त्रुएता हा शस्त्रवैद्य बार्सिलोना येथे जखमींवर उपचार करीत होता. तो जखमेतील मेलेले मांस निर्दयपणे कापून काढी, आत जाळीचे कापड भरी, आणि त्यावर सबंध अवयवाला प्लास्टर घालून आठवडेच्या आठवडे ते उघडीत नसे. प्लास्टरमधून असा दर्प सुटे की शेजारच्या खाटेवरील माणसाने तोंड फिरवावे. पण त्याने नोंदविलेल्या १,०७३ रुग्णांपैकी केवळ सहा मरण पावले. रोज उठून जखम पाहण्याची, पुसण्याची, औषध बदलण्याची जी सवय सगळीकडे होती, ती किती महाग पडत होती हे या आकड्यांवरून कळले. मात्र त्रुएताचे रहस्य नुसत्या झाकण्यात नव्हते. आधी जखम पूर्ण स्वच्छ करण्यात होते. घाण आत ठेवून वरून झाकणे हा आत्मघातच होय.

दुसरा धक्का विमानदळातून आला. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे डेव्हिडसन या वैद्याने भाजलेल्या कातडीवर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत काढली होती. चांभार ज्या द्रव्याने कातडे कमावतो त्याच जातीचे हे द्रव्य. त्याने भाजलेल्या जागी कडक, काळसर कवच बनते. जणू एक मोठी थोरली खपलीच. वेदना थांबे, म्हणून ही पद्धत सर्वत्र पसरली. परंतु १९४० साली इंग्लंडवरील हवाई युद्धात जळालेले तरुण वैमानिक ईस्ट ग्रिन्स्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकइंडो याच्यापुढे येऊ लागले, तेव्हा या कवचाखाली त्यांच्या पापण्या आकसल्या होत्या आणि बोटे आवळून निकामी झाली होती. मॅकइंडोच्या असे नजरेस आले की, ज्यांची विमाने समुद्रात पडली व जे खाऱ्या पाण्यात भिजले, त्यांच्या जखमा तुलनेने बऱ्या आहेत. त्याने टॅनिक आम्ल बंद करण्याचा आग्रह धरला, मिठाच्या कोमट पाण्याची स्नाने सुरू केली, आणि न चिकटणाऱ्या ओलसर पट्ट्या वापरल्या. कवच धरविणे हा उपचार नसून अपाय आहे, हे त्या विशीतल्या मुलांच्या चेहऱ्यांनी जगाला दाखविले.

तथापि कारण अजून कळले नव्हते. ते १९६२ साली लंडनच्या जॉर्ज विंटर याने दाखवून दिले. त्याने लहान डुकरांच्या कातडीवर सारख्याच उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ पॉलिथीनच्या पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. का? कातडी खरचटली म्हणजे कडांवरील व केसांच्या मुळांतील पेशी सरकत सरकत मोकळी जागा झाकू लागतात. पृष्ठभाग ओला असेल तर त्या त्यावरून सहज पुढे जातात. तो वाळून खपली बनली, तर वाळलेल्या थरातून त्यांना वाट नसते. खपलीच्या खाली, ओल शिल्लक असेल तेथवर खोल उतरून, खपलीला जिवंत मांसापासून सोडवीत त्यांना मार्ग काढावा लागतो. म्हणजे जिला आपण बरे होण्याची खूण समजतो ती खपली हा शरीराने निरुपायाने केलेला बंदोबस्त आहे. चांगली पट्टी नसली तर ती स्वतःची पट्टी स्वतः तयार करते. पुढच्याच वर्षी माणसांच्या कातडीवरही हेच दिसून आले. ओलीने जंतू माजतील ही भीतीही, स्वच्छ जखमेपुरती तरी, खोटी ठरली. आज औषधांच्या दुकानांत पारदर्शक पापुद्रे, लगद्यासारखी होणारी पट्टी, समुद्रशेवाळापासून काढलेली पट्टी असे जे नाना प्रकार मिळतात, ते सारे त्या एका प्रयोगाची संतती होत.

त्यांच्या किमती मात्र सर्वांस परवडणाऱ्या नाहीत, आणि या ठिकाणी आपल्या प्रांताने केलेली कामगिरी सांगितलीच पाहिजे. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या कापडावर बसवून, त्या निर्जंतुक करून, भाजलेल्या मुलांसाठी वापरल्या. त्याचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी करून पाहिली. पान गुळगुळीत, जलरोधक, थंड. जखमेला चिकटत नाही, आणि बदलताना रुग्ण ओरडत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत ही पट्टी अत्यंत स्वस्त असूनही उपयुक्त असल्याचे दाखविले आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. सुब्रह्मण्यम् यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध करून मधाची पट्टी चांदीयुक्त मलमाच्या तोडीस तोड, किंबहुना सरस असल्याचे सांगितले, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा तो मिसरी मध पुन्हा चर्चेत आला. मात्र यांतील प्रत्येक ठिकाणी निर्जंतुक करण्याची सोय होती आणि वर वैद्याची देखरेख होती. स्वयंपाकघरातील मध वा परसातील पान उचलून भाजलेल्या अंगावर लावावे, असा याचा अर्थ कृपा करून कोणी घेऊ नये.

घरात काय करावे, असे आपण विचारालच. किरकोळ जखम पिण्याजोग्या स्वच्छ वाहत्या पाण्याने चांगली धुवावी. नळाच्या पाण्याने जखम अधिक पिकते असे तपासांत आढळलेले नाही. माती, खडे निघून जाईपर्यंत धुवावे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मग साधे व्हॅसलीन व त्यावर न चिकटणारी पट्टी पुरते. पूड, हळद, चुना, कॉफी यांची गरज नाही. पट्टी सुकून बसली असेल तर ओढू नये, पाण्याने भिजवून सोडवावी; ओढताना खपलीबरोबर जे निघून येते ती आदल्या तीन दिवसांची नवी कातडी असते. पट्टीखाली ओल असावी, पण कडेची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी दिसली तर ती ओल जास्त झाली असे समजावे. सुश्रुताने तेलकट वातीविषयी सांगितले ते हेच. लाली पसरू लागली, ठणका वाढला, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली, तर घरचे उपचार तत्काळ थांबवावेत. मातीत झालेल्या वा खोल टोचलेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. कुत्रे चावले असता जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, काहीही न चोपडता, लसीसाठी त्वरित निघावे. तिखट व हळद भरण्याची रीत अजून कोठे कोठे आहे, ती प्राणघातक आहे. आणि घरात कोणी मधुमेही असेल तर त्याच्या तळपायाकडे दुसऱ्या कोणीतरी रोज पाहावे. त्याला वेदना कळत नाहीत, आणि सुकलेल्या खपलीखाली काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही.

नातवाच्या गुडघ्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. भाचेसुनेने जखम धुऊन झाकली. चौथ्या दिवशी कोमट पाण्याने भिजवून पट्टी सोडविली, तेव्हा मूल शेवटपर्यंत पुस्तकच वाचीत होते. खाली खपली नव्हती. कडेकडेने आत सरकत आलेली गुलाबी, चकचकीत, पातळ कातडी होती आणि मध्ये रुपयाएवढी जागा उरली होती. ताईने चष्मा लावून बराच वेळ निरखून पाहिले. मग "अजून ओलीच आहे की," असे म्हणून तिने पंखा वाढविला.